लाल पाइपावरचे तीन ठोके

भुताच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. मला रंगवायचं नाही. उलट काही भाग झाकता आला असता तर बरं झालं असतं, कारण ह्यात सगळी शोभा माझीच आहे.

पण घडलं ते असंच.

गेल्या वर्षीची वसंत पंचमी रविवारी होती. तिच्या आधीचे तीन दिवस. ठिकाणं दोन. नारायणगावच्या बायपासला लागून असलेलं माझ्या जावेचं मंगल कार्यालय, आणि आळे गावातलं आमचं.

मध्यरात्र, अमावस्या असलं काही नाही. एक प्रकार भर दुपारचा आणि बाकीचे दिवेलागणीचे. बिबट्याच्या भीतीनं आमच्याकडं रात्री तसंही कुणी बाहेर पडत नाही, भुतं तरी कशाला पडतील?

मी अंजना. आमच्या ह्यांचं नाव भरत.

दोन भावांची वाटणी झाली तेव्हा आळ्यातलं चालतं कार्यालय आम्हाला आलं आणि धाकट्या ऋषीला पडीक रान. त्या दिवशी मी मनातल्या मनात हसले होते. पुढं त्याच रानाला लागून बायपास गेला आणि माझं हसू जिरलं.

ऋषीच्या बायकोनं, अक्षदानं, तिथं कार्यालय उभं केलं. कमान. एसी जेवणघर. नवरीच्या खोलीत आरशाभोवती बल्ब. आणि लिफ्ट! मी म्हटलं, नवरा-नवरी काय लिफ्टनं बोहल्यावर चढणार आहेत?

कमानीवर नाव कुणाचं? 'मातोश्री चिमाबाई मंगल कार्यालय.' म्हणजे आमच्या सासूबाईंचं. सासूबाई राहतात माझ्याकडं. त्यांचं औषधपाणी मी करायचं, रात्री-अपरात्री उठायचं मी, आणि नाव त्यांच्या कमानीवर.

सरळ सांगते, मी जळत होते. हायवेनं जाताना ती कमान आली की मी दुसऱ्या बाजूची द्राक्षं बघायची.

आणि तिनं माझा जानकू नेला.

जानकू घाटघरचा. आमच्याकडं अकरा वर्षं पाण्याचं बघायचा. मोटर, टाकी, नळ, सगळं. त्याची एक सवय होती. रोज दिवेलागणीला हातात पाना घेऊन निघायचा आणि प्रत्येक पाइपावर तीन ठोके मारायचा. कान लावायचा. मग पुढच्या पाइपाकडं.

मी एकदा विचारलं, "काय ऐकतोस रे?"

"वयनी, भरल्याला पायप ठक् वाजतो. रिकामा टणटणतो. डोळ्यानं काय कळत न्हाई, कानानं कळतं."

मग फायरचा नियम आमच्यापर्यंत आला. मोठ्या कार्यालयाच्या छताला लाल पाइप, त्याला स्प्रिंकलर, खाली पाण्याची टाकी आणि पंप. आग लागली की स्प्रिंकलरमधली काचेची कुपी तडकते आणि पाणी आपोआप पडतं. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसनवाला माणूस येऊन सगळं तपासतो आणि चालू असल्याचा कागद देतो. तो कागद मालकानं ऑफिसात द्यायचा.

अक्षदानं सगळं खरंखुरं बसवलं.

आम्ही...

आम्ही फक्त लाल पाइप बसवले.

छताखाली उभं राहून बघितलं तर दोन्हीकडं सारखंच दिसायचं. आमचे पाइप टाकीला जोडलेलेच नव्हते, एवढाच फरक. गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी, तिच्यापासून दोन हातांवर लाल पाइपाचं तोंड, मध्ये काही नाही. टाकीला जोडायचं तर भिंत फोडावी लागत होती आणि लग्नाचा हंगाम तोंडावर होता. मीच ह्यांना म्हटलं, राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. कुठलासा माणूस न येताच कागद पाठवायचा आणि मी मालकाच्या जागी सही करायची. कार्यालय माझ्या नावावर आहे.

जानकूनं पहिल्याच संध्याकाळी त्या लाल पाइपावर ठोके मारले.

टण्... टण्... टण्...

तीन दिवस तो रोज वाजवत होता. चौथ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"वयनी, ह्याच्यात पाणी सोडा. न्हाईतर मला मोकळं करा. खाली लेकरं-बाळं जेवत्यात."

मला वाटलं, अक्षदानंच पढवून पाठवलाय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "जा मग तिच्याकडं!" म्हणाले.

तो गेला. तिच्याकडंच गेला.

चार वर्षं तिथं राहिला. आणि ज्या जानेवारीची गोष्ट सांगतेय, त्याच्या आधीच्या दिवाळीत वारला. अक्षदाच्या तळघरातल्या पंपाच्या खोलीत, व्हॉल्व्हला टेकून बसल्या बसल्या. पाना हातातच होता. अक्षदानं तिथं भिंतीवर त्याचा फोटो लावला, हार घातला, खाली खिळ्याला पाना टांगला.

अकरा वर्षं माझा माणूस. फोटो तिच्या भिंतीवर.

एवढं होतं ते कमी म्हणून माझ्या पोटच्या पोरीनं, तेजस्विनीनं, जाहीर केलं, "आई, माझं लग्न काकूच्या हॉलला. आपला हॉल फोटोत चांगला येत नाय."

माझा तर तिळपापड झाला. अख्ख्या तालुक्यातल्या पोरींची लग्नं मी आमच्या हॉलला लावली. आणि माझ्या मुलीच्या लग्नात मी पाहुणी? तेही अक्षदाची?

हे लग्न मला माझ्या हॉलला आणायचं होतं. बस. त्या दिवसांत डोक्यात दुसरं काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी बांगड्या भरल्या. मलाही कासारणीनं डझनभर हिरव्या चढवल्या. दुपारी तेजस्विनीला घेऊन मी नारायणगावला गेले, सजावट बघायला.

अक्षदा धावत आली. "ताई, या या! उद्या सकाळी नवाबभाई येणारेत फायर तपासायला. आजच खालची खोली झाडून घेतली. त्यांचा कागद हातात पडला का मी निवांत."

नवाबभाई जुन्नरचे. फायरचं लायसन आहे त्यांच्याकडं. माणूस लई कडक. पाणी दिसल्याशिवाय सही करत नाहीत.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "आणि नाही दिला कागद तर?"

"तर आपल्या तेजूचं लग्न असलं तरी एक खुर्ची मांडू द्यायची न्हाई मी. तुमच्याकडं हलवू सगळं, त्यात काय!"

ती हसून बोलली.

माझ्या मात्र डोक्यात पक्कं बसलं.

ती तेजस्विनीला घेऊन नवरीच्या खोलीत गेली. कामगार जेवायला बसले होते. तळघराचं दार उघडंच होतं. मी खाली उतरले.

खोली स्वच्छ. भिंतीवर जानकू. खाली खिळ्याला पाना. मोठा लाल व्हॉल्व्ह, त्याच्यावर गोल चाक. अकरा वर्षं त्याच्या मागं फिरून मला एवढं कळत होतं की कुठलं चाक फिरवल्यावर काय होतं.

मी फोटोकडं न बघता चाक फिरवलं. घट्ट होतं. दोन्ही हातांनी जोर लावला. शेवटच्या फेऱ्याला माझी एक बांगडी पिचली आणि काचेचा तुकडा चाकाच्या खालच्या फटीत जाऊन रुतला. व्हॉल्व्ह बंद झाला होता.

मग शेजारची छोटी तोटी सोडली. वरच्या पाइपातलं पाणी खालच्या निचऱ्याच्या खड्ड्यात भडाभडा जायला लागलं. बराच वेळ गेलं. मग धार बारीक झाली. मग थेंब. मी तोटी बंद केली. पाण्याचा दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ व्हॉल्व्हच्या अलीकडं होतं, त्यामुळं काटा होता तिथंच होता. वरवर बघणाऱ्याला काही कळलं नसतं. नवाबभाईंना कळलं असतं.

सगळं शांत झालं.

आणि वरून...

टण्...

टण्...

टण्...

मला वाटलं, कुणी कामगार असेल. मी वळून जिन्याकडं निघाले. निघता निघता नजर भिंतीवर गेली.

फोटो होता. हार होता. खिळा होता...

पाना नव्हता.

मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही. वर अख्खा हॉल मोकळा होता. छताला लाल पाइप. खाली शिडी नाही, माणूस नाही. कामगार बाहेर लॉनवर भाकरी खात होते.

त्या संध्याकाळी आळ्याला परत आले. देवापाशी दिवा लावला. आमचं घर कार्यालयाला लागूनच आहे.

दिवा लावला आणि...

टण्... टण्... टण्...

आमच्या हॉलमधून.

थोडं थांबून पुन्हा, जरा पुढून. मग आणखी पुढून. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याची चालच होती ती. मी ह्यांना हाक मारली. हे मोबाइल बघत होते.

"ऐकू येतंय का?"

"काय?"

"ठोके!"

"उंदीर असंल."

आतल्या खोलीतून सासूबाई बोलल्या. सासूबाईंना मोठ्यानं ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. टीव्ही लावला तरी त्या नुसतं बघतात.

त्या म्हणाल्या, "जानकू आला का गं?"

माझ्या हातातली काडेपेटी पडली.

"किती येळ वाजवतोय त्यो. पाणी सोड की त्याला."

मी हॉलमध्ये गेले नाही. खोटं कशाला सांगू, माझी हिंमत झाली नाही. दारात उभं राहून दिवे लावले. कुणीच नव्हतं. पण मधल्या पाइपावरची धूळ खाली पडत होती. बारीक. तीन ठिकाणी.

शुक्रवारी सकाळपासून मी फोन हातात धरून बसले. आता अक्षदाचा रडका आवाज येईल. आता ती म्हणेल, ताई, तुमचा हॉल द्या.

अकराला फोन आला.

"ताई, नवाबभाईंच्या आईला दवाखान्यात नेलंय. ते सोमवारी येणार. म्हणाले, मागचा कागद अजून चालू हाय, काळजी करू नका. तुमी हळदीला लवकर या हां!"



म्हणजे लग्न तिथंच. हळद तिथंच. आणि व्हॉल्व्ह बंद. पाइप कोरडा.

माझ्याच लेकीच्या डोक्यावर.

त्या संध्याकाळी ठोके लवकर सुरू झाले आणि उशिरापर्यंत चालले. सासूबाई उठून बसल्या होत्या. भिंतीकडं बघून मान हलवत होत्या, कुणाचं तरी म्हणणं पटावं तशा.

मी ठरवलं. उद्या गेल्या गेल्या खाली जायचं आणि चाक उघडायचं. कुणाला काही कळणार नाही.

शनिवारी दुपारी पोचले. तळघराला कुलूप.

"अक्षदा, खालची किल्ली दे गं जरा."

"कशाला ताई?"

"जानकूच्या फोटोला हार घालते. शुभकार्य आहे, आपला जुना माणूस."

तिचे डोळे भरून आले. "मी सकाळीच घातला, ताई. तुमच्या नावानं बी एक घातला."

माझ्या नावानं! माझ्या माणसाला माझ्या नावानं हार घालणारी ही कोण?

त्या वेळी चार शब्द बोलायचे होते. 'अक्षदा, मी व्हॉल्व्ह बंद केलाय.' बास. तेवढंच. शब्द घशापर्यंत आले. पण ती माझ्यापुढं उभी होती, भरजरी साडी, मागं तिची ती लिफ्ट, आणि तोंडावर ती माया. माझ्यानं बोलवेना. एका दिवसात काय होतंय, असं मनाशी म्हणाले आणि हळदीचं ताट उचललं.

हळद छान झाली. सगळे पिवळे. चार-साडेचारशे माणूस. हे आळ्याला थांबले होते, सासूबाईंपाशी. सहा वाजता तेजस्विनी हळद धुवायला नवरीच्या खोलीत गेली. त्या खोलीचं दार स्टेजच्या मागं उघडतं. दुसरं दार नाही.

दिवेलागण झाली. स्टेजवरच्या दिव्यांच्या माळा लावल्या.

चट् असा आवाज आला.

स्टेजमागच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका दिसला. तांबडा. मला वाटलं दिवाच आहे. मग तो वर चढला.

पडदा, त्याच्यामागं थर्माकोलचा भलामोठा मोर. बघता बघता अख्खी मागची बाजू पेटली. काळा धूर छताला लागला. बायका ओरडत बाहेर पळाल्या. ऋषीनं आग विझवायची लाल नळकांडी आणली, पण जवळ जाता येईना.

"तेजू!" अक्षदा किंचाळली. "तेजू आत हाय!"

मी छताकडं बघत होते. चारशे माणसांत मी एकटी छताकडं बघत होते.

स्प्रिंकलरची पहिली कुपी तडकली. मला आवाज आला.

दुसरी.

तिसरी.

आणि...

काहीच नाही.

एक थेंब नाही. नुसती हवा सुटल्याचा फुस्स आवाज. सगळ्यांना वाटत होतं, येईल आता पाणी. मला माहीत होतं, येणार नाही. मीच सोडून दिलं होतं ते खड्ड्यात.

मी काय बोलले ते मला अक्षदानं नंतर सांगितलं. मी म्हणे छताकडं हात जोडून ओरडत होते, "जानकू, माझं चुकलं! पाणी सोड! जानकू, पाणी सोड!"

आणि तेव्हा...

ठक्.

ठक्.

ठक्.

भरल्या पाइपाचा आवाज.

पाणी आलं. असं तसं नाही. तिन्ही स्प्रिंकलरमधून धो धो कोसळलं. पडदा विझला, मोर विझला, स्टेजवरच्या गाद्या वाहून गेल्या. आग विझली तसं पाणी थांबलं. कुणी बंद न करता. आपणहून.

अक्षदा त्या धुरात सगळ्यांच्या आधी घुसली. माझ्याही आधी. तेजस्विनीला कवेत धरून बाहेर आणलं तिनं. पोरगी खोकत होती, पिवळीच होती अजून, पण धडधाकट होती.

मी आई. मी छताकडं बघत उभी होते.

"व्हॉल बंद करून येतो, पुन्हा पाणी नको पडायला," म्हणून ऋषी किल्ली घेऊन खाली निघाला. मी त्याच्यामागं गेले.

त्यानं कुलूप काढलं, दिवा लावला, चाकाला हात घातला.

"अरेच्चा! हा बंदच हाय की. कुणी केला?"

मी चाकाच्या खाली बघत होते. हिरवा काचेचा तुकडा. फटीत तसाच रुतलेला. चाक कुणी अर्धा फेरा जरी फिरवलं असतं तरी तो खाली पडला असता.

कुणीही ते चाक फिरवलं नव्हतं.

ऋषी म्हणाला, "घाईत कुणीतरी येऊन बंद करून गेलं असंल." कुलूप त्यानं स्वतःच काढलं होतं, पण घाबरलेल्या माणसाला एवढं सुचत नाही.

भिंतीवर जानकू होता. खाली खिळा.

खिळ्याला पाना होता...

आणि पान्यातून पाणी ठिबकत होतं.

वर आले तर माझा फोन वाजत होता. आळ्यावरून हे.

"अगं, गच्चीवरची टाकी तू सोडलीस का जाताना?"

"नाही. का?"

"खडखडीत रिकामी झालीया. दुपारी मी सवता भरली व्हती, काठोकाठ. नळ समदे बंद हायत. गच्ची कोरडी, भिंती कोरड्या, कुठं टिपूस न्हाई. धा हजार लिटर पाणी गेलं कुठं?"



"आन् आई येड्यावाणी बडबडती," हे पुढं म्हणाले. "म्हणती, जानकू आला व्हता. पाणी नेतो म्हणला आन् गेला."

आळे कुठं, नारायणगाव कुठं. पंधरा-वीस किलोमीटर आहे.

लग्न दुसऱ्या दिवशी लॉनवर झालं. छान झालं. मी सगळ्यांशी हसले.

सोमवारी नवाबभाई आले. मी मुद्दाम थांबले होते. त्यांनी सगळं बघितलं, जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून आत काठी घातली आणि बराच वेळ काठीकडंच बघत राहिले.

"भाभी," ते अक्षदाला म्हणाले, "एवढं पानी पडलं म्हणता. पन तुमची टाकी तर फुल आहे. एक इंच पन कमी नाय. पंप चालूच झाला नाय. मग पानी आलं कुठून?"

अक्षदा म्हणाली, "जानकूनं केलेलं काम हाय ते नवाबभाई. त्याचं त्याला माहीत."

ती सहज बोलली. मी मान खाली घातली. तिच्या टाकीतला एक थेंबही त्यानं घेतला नव्हता. जे पाणी चार वर्षांपूर्वी त्यानं माझ्याकडं मागितलं होतं, तेच त्यानं नेलं.

आता हे ऐकून तुम्हाला वाटेल, मी सुधारले. सुधारले की. त्याच आठवड्यात मी नवाबभाईंना आमच्या हॉलला बोलावलं आणि सगळं खरं सांगितलं. ते माझ्यावर असे काही ओरडले की ह्यांनी खोलीतून बाहेर यायचं टाळलं. मग त्यांनी भिंत फोडून पाइप टाकीला जोडले, पंप बसवला, पाणी सोडून दाखवलं. जुलैत कागद मिळाला. खरा. मी स्वतः शिडीवर चढून पान्यानं ठोकून बघितलं.

ठक्. ठक्. ठक्.

भरलेला.

पण खरी गोष्ट इथून पुढं आहे आणि तीच मला कुणाला सांगता येत नाही.

दिवेलागणीला ठोके अजून येतात. रोज. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाइप पाण्यानं भरलाय, घड्याळाचा काटा जागेवर आहे, नवाबभाईंनी दोनदा तपासलंय.

तरी तो आवाज...

टण्... टण्... टण्...

रिकामाच.

सासूबाई आता फारसं बोलत नाहीत. पण ठोके सुरू झाले की माझ्याकडं बघतात. पाइपाकडं नाही. माझ्याकडं.

काय रिकामं आहे ते मला कळतं. न कळायला मी काही लहान नाही. अक्षदाला मी अजून सांगितलेलं नाही. चाक कुणी फिरवलं होतं, ते ऋषी, ती, तेजस्विनी, कुणालाच माहीत नाही. तेजस्विनी तर सासरहून आली की आधी काकूकडं उतरते. "काकूनं मला धुरातून काढलं," असं सगळ्यांना सांगते. आणि ते ऐकलं की माझ्या पोटात अजून दुखतं. एवढं होऊनही दुखतं.

दोनदा मी सांगायला म्हणून निघाले. एकदा तर कमानीपर्यंत पोचले. वर बघितलं, सासूबाईंचं नाव, त्याला नवीन दिवे लावलेत तिनं, आणि गाडी तशीच पुढं नेऊन द्राक्षं घेऊन परत आले.

मागच्या महिन्यात अक्षदाचा फोन आला होता. म्हणाली, "ताई, एक गंमत सांगू? खालची खोली झाडताना व्हॉलच्या चाकाखाली हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला. कुणाचा असंल वो?"

मी म्हटलं, "काय माहीत."



ती म्हणाली, "ठिवलाय मी. जानकूच्या फोटोपाशी."

उद्या जाते म्हणते. रोजच म्हणते.

हे लिहितेय तर साडेसहा होऊन गेलेत. टीव्हीचा आवाज मी मोठा करून ठेवलाय. सासूबाई उठून बसल्या आहेत.

...आणि आज ठोके हॉलमधून येत नाहीयेत. स्वयंपाकघराच्या नळापाशी आलेत.